तोल आणि हालचाल: मेंदूकडून उतरणारे मार्ग

उभे राहणे ही एक कृती आहे, असे सहसा कोणाला वाटत नाही. चालणे, धावणे, लिहिणे, ओझे उचलणे ह्या कृती. आणि उभे राहणे म्हणजे काहीच न करणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु शरीराच्या रचनेकडे थोडे लक्ष दिले तर ही समजूत टिकत नाही. मानवी शरीर हा अनेक सांध्यांनी जोडलेल्या हाडांचा एक उंच मनोरा असून त्याचा पाया जेमतेम दोन तळव्यांएवढा आहे. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून बराच वर, ओटीपोटाच्या पातळीवर असतो. सांध्यांभोवतीचे स्नायू एकाएकी सैल पडले तर हा मनोरा क्षणार्धात कोसळतो. शुद्ध हरपलेला मनुष्य उभा राहू शकत नाही, याचे कारण हेच होय.

तोल सांभाळण्याचे हे काम प्रत्येक हालचालीच्या मुळाशी असते. उभ्या असलेल्या माणसाने आपला हात झटकन समोर उचलला तर सर्वप्रथम खांद्याचा स्नायू कामाला लागत असेल, असे कोणालाही वाटेल. मॉस्को येथील बेलेन्की, गुरफिंकेल आणि पाल्त्सेव्ह या संशोधकांनी १९६७ मध्ये स्नायूंतील विद्युत्-स्पंदनांची नोंद घेऊन दाखवून दिले की, प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. खांद्याचा स्नायू आकुंचन पावण्यापूर्वी, सेकंदाच्या काही शतांश भागांइतके आधी, पायाचे आणि धडाचे स्नायू सज्ज झालेले असतात. हात पुढे गेल्यामुळे शरीर पुढे झुकणार, हे मज्जासंस्थेने आधीच हिशेबात धरलेले असते. डोक्यावर पेटी घेऊन फलाटावरील गर्दीतून वाट काढणारा हमाल, माडावर चढून कोयता चालवणारा माणूस, एका पायावर स्थिर राहून हस्तमुद्रा करणारी नर्तकी, या सर्वांच्या ठिकाणी हीच व्यवस्था अधिक प्रगत रूपात दिसते. ही पूर्वतयारी कोण करते आणि तिचे आदेश कोणत्या वाटेने स्नायूंपर्यंत पोहोचतात, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

अखेरचा सामायिक मार्ग

हाडांना जोडलेला स्नायू आपण होऊन काम करीत नाही. मेरुरज्जूच्या आतील करड्या भागात, पोटाच्या बाजूस, मोठ्या आकाराच्या मज्जापेशींचे समूह असतात. त्यांना प्रेरक पेशी असे म्हणतात. प्रत्येक प्रेरक पेशीपासून एक लांब तंतू निघून स्नायूपर्यंत जातो. तेथे त्याला फाटे फुटतात आणि तो अनेक स्नायुतंतूंना जाऊन मिळतो. डोळा फिरवणाऱ्या नाजूक स्नायूंत एका प्रेरक पेशीच्या ताब्यात थोडेच स्नायुतंतू असतात; पोटरीच्या दांडग्या स्नायूत मात्र ही संख्या हजाराच्या वर जाते. जेथे सूक्ष्मता हवी तेथे ताबा लहान, जेथे बळ हवे तेथे मोठा, अशी ही वाटणी आहे.

एकेका प्रेरक पेशीवर हजारो तंतूंची टोके येऊन टेकलेली असतात. काही तिला उत्तेजित करतात, तर काही तिचे शमन करतात. त्वचेकडून, सांध्यांकडून, स्नायूंकडून, शेजारच्या पेशींकडून आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडून आलेल्या या सर्व संदेशांची बेरीज-वजाबाकी होऊन अखेर पेशी संदेश पाठवते किंवा पाठवत नाही. संदेश कोठूनही आलेला असो, स्नायूपर्यंत जाण्यास दुसरी वाट नाही. म्हणूनच इंग्लंडचे शरीरक्रियावैज्ञानिक चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रेरक पेशी आणि तिचा तंतू यांना ‘अखेरचा सामायिक मार्ग’ असे नाव दिले. मज्जासंस्थेवरील कार्याबद्दल त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्यासमवेत मिळाले.

या प्रेरक पेशींची मांडणी विशिष्ट क्रमाने झालेली असते. धड, खांदे आणि कंबर यांच्या स्नायूंच्या पेशी मेरुरज्जूच्या मध्यरेषेच्या बाजूस असतात. हातापायांच्या टोकांकडील, म्हणजे बोटांच्या स्नायूंच्या पेशी बाहेरच्या बाजूस असतात. पुढे येणाऱ्या विवेचनात या मांडणीला मोठे महत्त्व आहे.

मेरुरज्जूची स्वतःची कुवत

मेरुरज्जू म्हणजे मेंदूचे निरोप पोहोचवणारी केवळ तार, असे समजणे चुकीचे होईल. त्याच्या अंगी स्वतःची पुष्कळ कुवत आहे. वैद्य गुडघ्याच्या वाटीखाली लहानशी हातोडी मारतो तेव्हा पाय आपोआप उडतो. मांडीच्या पुढील स्नायूत चातीच्या आकाराची सूक्ष्म ग्राहक इंद्रिये असतात. हातोडीने स्नायू किंचित ताणला जाताच ती उद्दीपित होतात, त्यांचा संदेश मेरुरज्जूतील प्रेरक पेशींकडे थेट जातो आणि स्नायू आकुंचन पावतो. त्याच वेळी विरुद्ध बाजूच्या, म्हणजे गुडघा दुमडणाऱ्या स्नायूच्या पेशींचे शमन होते. ताणाला आकुंचनाने दिलेले हे उत्तर उभे राहण्याच्या क्रियेचा एक पाया आहे.

अनवाणी पायाखाली काटा आला तर तो पाय वर उचलला जातो आणि दुसरा पाय ताठ होऊन शरीराचा भार पेलतो. ही जोडक्रियाही मेरुरज्जूतच घडते. १९११ मध्ये ग्रॅहम ब्राऊन यांनी याहून आश्चर्यकारक गोष्ट सिद्ध केली. मांजराचा मेरुरज्जू मेंदूपासून तोडल्यावर आणि पायांकडून येणारे संवेदनांचे तंतू छेदल्यावरही मागील पायांच्या स्नायूंत पावले टाकण्यासारखी आळीपाळीची लय काही काळ उमटते. म्हणजे चालण्याचा मूळ साचा मेरुरज्जूतच तयार असतो.

यावरून मेंदूकडून उतरणाऱ्या मार्गांच्या कार्याविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. हे मार्ग एकेका स्नायूला स्वतंत्र हुकूम देत बसत नाहीत. खाली तयार असलेल्या यंत्रणांपैकी कोणती केव्हा सुरू करावयाची, कोणती दाबून ठेवावयाची आणि कोणतीची संवेदनक्षमता किती ठेवावयाची, हे ते ठरवतात. त्यांचे बहुतेक तंतू प्रेरक पेशींवर थेट येऊन न टेकता मधल्या पेशींवर टेकतात, हेही याच्याशी सुसंगतच आहे.

उतरणाऱ्या मार्गांचे दोन गट

मेंदूकडून मेरुरज्जूत उतरणारे मार्ग अनेक आहेत. ते मेरुरज्जूत कोठे संपतात हे पाहून डच शास्त्रज्ञ हान्स काउपर्स यांनी त्यांचे दोन गट पाडले. मध्यरेषेजवळ संपणारा तो आतील गट आणि बाहेरच्या बाजूस संपणारा तो बाह्य गट. प्रेरक पेशींची मांडणी लक्षात घेतली म्हणजे आतील गट धडाचा व तोलाचा आणि बाह्य गट हातापायांच्या टोकांचा, हे ओघानेच आले.

आतील गटातील बहुतेक मार्ग मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे प्रमस्तिष्क आणि मेरुरज्जू यांना जोडणाऱ्या देठासारख्या भागातून निघतात. त्यांतील एक मार्ग कानातील तोलेंद्रियाशी निगडित आहे. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे फिरणे टिपतात आणि त्यांच्या शेजारील दोन पिशव्या डोक्याचा कल व सरळ रेषेतील वेगात होणारा बदल टिपतात. ही माहिती मस्तिष्कस्तंभातील केंद्रकांकडे येते आणि तेथून निघालेले तंतू त्याच बाजूने मेरुरज्जूत खालपर्यंत उतरून पाय ताठ करणाऱ्या, म्हणजे प्रसारक स्नायूंना बळ देतात. बस एकाएकी वळली की एका पायात आपोआप जोर येतो, तो ह्या मार्गामुळे.

दुसरा मार्ग मस्तिष्कस्तंभाच्या गाभ्यातील जाळीसारख्या रचनेतून निघतो. या रचनेच्या वरच्या भागातून येणारे तंतू प्रसारक स्नायूंना उत्तेजन देतात, तर खालच्या भागातून, म्हणजे लंबमज्जेतून येणारे तंतू मुख्यतः त्यांचे शमन करतात. हात उचलण्यापूर्वी पाय सज्ज करण्याचे जे काम वर सांगितले, त्यात या मार्गाचा मोठा वाटा आहे. चालण्याच्या साच्याला चालना मिळते तीही याच वाटेने. मॉस्को येथील शिक, सेव्हेरिन आणि ओर्लोव्हस्की यांनी १९६६ मध्ये मांजराच्या मध्यमेंदूतील एका लहान जागेला विजेचे सौम्य उद्दीपन दिले, तेव्हा मांजर सरकत्या पट्ट्यावर चालू लागले. उद्दीपन वाढवताच ते धावू लागले. वरून येणारा संदेश साधा होता; पावलांचा तपशील खालच्या यंत्रणेनेच भरला. याच गटातील आणखी एक मार्ग दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या वस्तूकडे डोके वळवण्याशी संबंधित आहे.

बाह्य गटात मुख्य मार्ग प्रमस्तिष्काच्या बाह्यकातून निघणारा, ज्याला पिरॅमिडी मार्ग म्हणतात तो होय. मध्यमेंदूतील तांबूस केंद्रकातून निघणारा दुसरा मार्गही याच गटात मोडतो. मांजरासारख्या प्राण्यात तो महत्त्वाचा असला तरी मनुष्यात अगदी लहान उरला आहे.

हे वर्गीकरण केवळ कागदावरचे नव्हे, हे लॉरेन्स आणि काउपर्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माकडांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. ज्या माकडांचे दोन्ही बाजूंचे पिरॅमिडी मार्ग छेदले होते, ती काही आठवड्यांत उभी राहू लागली, चालू लागली, पिंजऱ्याच्या गजांवर चढूही लागली. मात्र लहान खळग्यातील खाऊ अंगठा आणि एक बोट यांच्या चिमटीत धरून काढणे त्यांना कायमचे अशक्य झाले. त्यांची सर्व बोटे एकदमच मिटत. हातात धरलेला खाऊ सोडतानाही त्यांना अडचण येई. परंतु गजांवर चढताना पकड सोडण्यास तोच हात मुळीच अडखळत नसे. ज्या माकडांच्या आतील गटाच्या मार्गांनाही इजा केली होती, त्यांची स्थिती याच्या उलट झाली. त्यांचे डोके आणि धड पुढे झुकलेले राही, बसता बसता ती कलंडत, पडल्यावर त्यांना सावरून उठता येत नसे. एकच हात, तेच स्नायू आणि त्याच प्रेरक पेशी. परंतु आदेश कोणत्या वाटेने येतो यावर त्या हाताची क्षमता अवलंबून असते, हा या प्रयोगांचा अर्थ होय.

आवर सुटल्यावर

वरून येणारे संदेश जितके उत्तेजन देतात तितकाच आवरही घालतात. लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णांच्या निरीक्षणावरून हा विचार मांडला होता. त्यांच्या मते मज्जासंस्थेत एकावर एक अशा पातळ्या आहेत. वरची पातळी नष्ट झाली तर दोन प्रकारची लक्षणे दिसतात. तिचे स्वतःचे कार्य लोपते ही एक. आणि तिने दाबून ठेवलेल्या खालच्या पातळीचे कार्य मोकाट सुटते ही दुसरी.

शेरिंग्टन यांनी १८९८ मध्ये केलेल्या वर्णनाने या विचाराला प्रायोगिक आधार मिळाला. त्यांनी मांजराचा मस्तिष्कस्तंभ मध्यमेंदूच्या पातळीवर आडवा छेदून प्रमस्तिष्काचा संबंध तोडला. मांजर लुळे पडले नाही; उलट त्याचे चारही पाय खांबांसारखे ताठ झाले, मान आणि शेपटी वर उचलली गेली. पायांवर ठेवल्यास ते उभे राही. परंतु धक्का दिला तर तोल सावरीत नसे. ज्या पायाकडून मेरुरज्जूत येणारे संवेदनतंतू छेदले, त्या पायाचा ताठरपणा नाहीसा झाला. म्हणजे हा ताठरपणा ताणाला उत्तर देणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेचेच अतिरेकी रूप होते. प्रसारक स्नायूंना बळ देणारे मस्तिष्कस्तंभातील मार्ग शाबूत होते. त्यांना आवर घालणाऱ्या लंबमज्जेतील भागाला मात्र प्रमस्तिष्काकडून मिळणारी चालना बंद पडली होती.

नेदरलँड्समधील यूट्रेख्त येथे रूडॉल्फ मॅग्नस यांनी हे कार्य पुढे नेले आणि १९२४ मध्ये शरीराच्या ठेवणीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. छेद थोडा वर घेऊन मध्यमेंदू शाबूत ठेवला, तर ताठरपणा फारसा दिसत नाही आणि आडवा टाकलेला प्राणी आपले आपण सावरून उठतो, हे त्यांनी दाखवले. अवघ्या काही मिलिमीटरांच्या फरकाने उभा असलेला ताठ सांगाडा आणि तोल सावरणारा प्राणी, असा भेद पडतो.

पिरॅमिडी मार्ग

१८७० मध्ये बर्लिनच्या फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या प्रमस्तिष्काच्या पुढील भागाला विजेचा सौम्य स्पर्श केला, तेव्हा विरुद्ध बाजूचे अवयव हलले. माँट्रिअल येथील वाइल्डर पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मानवी मेंदूवर केलेली अशी निरीक्षणे १९३७ मध्ये बोल्ड्री यांच्यासमवेत प्रसिद्ध केली. त्यांवरून असे दिसले की बाह्यकाच्या प्रेरक पट्ट्यात हाताची बोटे, ओठ आणि जीभ यांच्या वाट्याला मोठा प्रदेश आला आहे, तर आकाराने मोठे असलेले धड तेथे थोड्याच जागेत सामावले आहे.

या पट्ट्यातून आणि त्याच्या आसपासच्या भागांतून निघालेले तंतू एकत्र येत खाली उतरतात. लंबमज्जेच्या पुढील अंगास ते निमुळत्या उंचवट्यासारखे दिसतात, म्हणून त्यांना पिरॅमिडी हे नाव पडले. प्रत्येक बाजूस सुमारे १० लाख तंतू असून त्यांपैकी ७५ ते ९० टक्के तेथेच बाजू ओलांडून पलीकडे जातात. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाची इजा शरीराच्या डाव्या बाजूस प्रकट होते, याचे कारण हे ओलांडणे होय. या मार्गातील सर्वांत जाड तंतू सेकंदाला सुमारे ६० मीटर वेगाने संदेश नेतात. वानरांत आणि मनुष्यात काही तंतू मधल्या पेशींना वगळून बोटांच्या प्रेरक पेशींवर थेट येऊन टेकतात. सुईत दोरा ओवणे, तबल्यावर बोटांचे बोल काढणे, लेखणी धरणे ही कौशल्ये बऱ्याच अंशी या थेट जोडणीवर उभी आहेत.

हा मार्ग जन्मतः परिपक्व नसतो. त्याच्या तंतूंभोवतीचे मेदयुक्त आवरण जन्मानंतर पूर्ण होत जाते. तान्ह्या मुलाच्या तळपायाला टोकदार वस्तूने हळूच ओरखडले तर पायाचा अंगठा वर उचलला जातो. मूल चालू लागण्याच्या सुमारास हे बदलते आणि निरोगी प्रौढात अंगठा खाली वळतो. पिरॅमिडी मार्गाला इजा झालेल्या प्रौढात मात्र अंगठा पुन्हा वर जातो. पॅरिसचे वैद्य जोझेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये हे चिन्ह नोंदवले. लहानपणीची प्रतिक्रिया नष्ट झालेली नसते. ती आवरली गेलेली असते, हेच यावरून दिसते. वैद्याला हे चिन्ह पाहण्यासाठी साध्या किल्लीचे टोकही पुरते.

दुरुस्ती आणि निवड

मेंदूचे दोन भाग हालचालीसाठी अत्यावश्यक असूनही त्यांचे आदेश मुख्यतः इतर मार्गांच्या द्वारे खाली जातात. अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, ठरलेली हालचाल आणि प्रत्यक्ष घडणारी हालचाल यांची तुलना करतो आणि चूक होण्याच्या आतच ती दुरुस्त करतो. त्याला इजा झाली तर शक्ती कमी होत नाही, पण पाऊल झोकांड्या खाते आणि पेल्याकडे जाणारा हात थरथरत पेला ओलांडून जातो. प्रमस्तिष्काच्या तळाशी असलेली केंद्रके अनेक संभाव्य हालचालींपैकी एकीला वाट मोकळी करून देतात आणि बाकीच्यांना थोपवतात. कंपवातात त्यांच्या कार्यात बिघाड होतो. रोग्याला चालण्यास प्रारंभ करणे कठीण जाते आणि धक्का लागल्यास तो सावरत नाही.

मार्ग खंडित होतो तेव्हा

वरील विवेचनाच्या आधारे दोन प्रकारच्या पांगळेपणातील फरक समजून घेता येतो. पोलिओचा विषाणू मेरुरज्जूतील प्रेरक पेशींवरच घाला घालतो. अखेरचा मार्गच तुटल्यामुळे स्नायू लुळा पडतो, झिजत जातो आणि हातोडीला उत्तर देत नाही. भारतात या रोगाचा नैसर्गिक विषाणूने झालेला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला; तथापि त्यापूर्वी या रोगाने पांगळी झालेली असंख्य माणसे आजही आपल्यात आहेत.

अर्धांगवायूत प्रेरक पेशी शाबूत असतात. तुटलेला असतो तो वरून येणारा मार्ग. मेंदूच्या आत बाह्यकातून येणारे तंतू एका अरुंद पट्ट्यातून जातात. तेथील बारीक रक्तवाहिनी फुटली किंवा तुंबली की शरीराची अर्धी बाजू निकामी होते. प्रारंभीचे काही दिवस ती लुळी असते. मग हळूहळू स्नायू ताठरतात. हात कोपरात दुमडून छातीशी येतो, पाय सरळ ताठ होतो आणि चालताना अर्धवर्तुळ काढीत पुढे आणावा लागतो. येथे बाह्यकाकडून मस्तिष्कस्तंभाकडे जाणारे तंतूही तुटलेले असतात. त्यामुळे पिरॅमिडी मार्गाच्या लोपात आवर सुटल्याची भर पडते.

सुधारणेचा क्रमही यावरून उलगडतो. आतील गटाचे मार्ग दोन्ही बाजूंना शाखा देतात, म्हणून धड आणि पाय यांत सुधारणा लवकर होते. रोगी बसू लागतो, आधाराने चालू लागतो. बोटांची स्वतंत्र हालचाल बहुधा सर्वांत शेवटी आणि अपुरीच परत येते. हात मागे राहिला म्हणजे रोगी प्रयत्न करीत नाही असा समज करून घेणे अन्यायाचे होय. सांधे आखडू न देणे, ते दररोज हलवणे आणि शक्य तितक्या लवकर रोग्याला बसवणे व उभे करणे, यांचे महत्त्व घरच्या माणसांनी ओळखले पाहिजे.

खेसारीचा पांगळेपणा

या मार्गांच्या नाशाचे एक उदाहरण भारताच्या इतिहासाशी निगडित आहे. ज्या डाळीला बिहार-बंगालमध्ये खेसारी, मध्य प्रदेश व छत्तीसगढमध्ये तिवडा आणि विदर्भात लाख किंवा लाखोळी म्हणतात, ती अवर्षणातही तग धरते. ठगांच्या बंदोबस्ताबद्दल प्रसिद्ध असलेले ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य भारतातील प्रवासवर्णनात तिची हकीकत दिली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये अवेळी पावसाने ओढ दिल्याने आणि १८३१ मध्ये तांबेऱ्यासारख्या रोगाने गव्हाची पिके गेली. तगली ती एवढीच. लोकांनी तिच्यावर दिवस काढले आणि १८३३ पासून तरुण माणसांचे कमरेखालील अंग एकाएकी पांगळे होऊ लागले.

या रोगाची लक्षणे वरील वर्णनाशी तंतोतंत जुळतात. पाय लुळे पडत नाहीत, ताठ होतात. गुडघे एकमेकांवर येऊन पावले कात्रीसारखी पडतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत, तळपाय ओरखडल्यास अंगठा वर जातो. संवेदना आणि बुद्धी शाबूत राहतात, हातही बहुधा वाचतात. सौम्य अवस्थेत रोगी विना आधार चालतो, पुढे एक काठी लागते, मग दोन, आणि अखेरीस तो बसून सरपटत जातो. पायांकडे जाणाऱ्या पिरॅमिडी तंतूंचा ऱ्हास हे या रोगाचे मुख्य अंग होय. १९६४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि सर्मा यांनी या डाळीतील विषारी अमिनो आम्ल वेगळे करून त्याची रचना प्रसिद्ध केली. मज्जापेशी परस्परांना उत्तेजित करण्यासाठी जे ग्लुटामेट वापरतात, त्याच्याशी त्याचे साम्य आहे. अतिउत्तेजनाने ते पेशींचा घात करते.

परंतु विष डाळीत असले तरी रोगाचे कारण केवळ रसायनात शोधून चालणार नाही. अधूनमधून खाल्लेल्या डाळीने हा रोग होत नाही. काही महिने ती आहाराचा मुख्य भाग झाली तरच होतो, आणि अशी पाळी दुष्काळात व दारिद्र्यात येते. रेवा आणि सतना भागात शेतमजुरांना मजुरी धान्यरूपाने देण्याची रीत होती आणि त्या धान्यात खेसारीचे मिश्रण असे. १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, तरी काही राज्यांत तिची पेरणी चालूच राहिली. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच अंश निघून जातो. दिल्ली आणि रायपूर येथील कृषिशास्त्रज्ञांनी अल्पविषारी वाणही तयार केले आहेत.

एकदा नष्ट झालेला मार्ग पुन्हा बांधता येत नाही. विषारी आहार थांबवल्यावर हा रोग सहसा वाढत नाही. पण गेलेले परत येत नाही. ताठर पायांनी दोन काठ्यांवर चालणाऱ्या मजुराच्या प्रेरक पेशी जिवंत असतात, स्नायू बळकट असतात आणि मेरुरज्जूतील सर्व साचे जागच्या जागी असतात. केवळ त्यांना वेळीच आवरणारे आणि वेळीच मोकळे सोडणारे तंतू नाहीसे झालेले असतात. निरोगी माणसाच्या सहज उभे राहण्यामागे या तंतूंचे अखंड काम चालू असते. ते तंतू पुरेशा अन्नाने आणि योग्य मजुरीने राखता येतात. म्हणून या रोगापुरता खरा उपाय रुग्णालयाच्या आधी शेतात आणि ताटात करावयाचा आहे.